क्लिपरमधला १९९३ चा अडतीचा प्रोग्रॅम, जिस्ट कार्डातली मराठी नावं आणि नवं मशीन : मदत हवी

दिवाणजी_गावभाग

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी प्रोग्रॅमर नाही. सांगलीत हळदीच्या अडत पेढीवर दिवाणजी आहे. बी.कॉम., मराठी टायपिंग तीस, इंग्रजी चाळीस, बाकी सगळं पेढीवरच शिकलो. फोनवर मराठी कीबोर्डच आहे, त्यामुळे कमांडसुद्धा मराठीतच लिहितो. समजून घ्या.

१९९३ साली मालकांनी ३८६ मशीन घेतलं आणि विश्रामबागच्या एका हुशार पोराकडून क्लिपरमध्ये (डॉसच्या काळातली प्रोग्रॅम लिहायची भाषा) प्रोग्रॅम लिहून घेतला. एफ२ आवक, एफ३ सौदा, एफ५ पट्टी, एफ७ खतावणी. राजापुरी वेगळी, परपेठ वेगळी, हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा. शेतकरी समोर उभा असताना पोती, वजन, दर टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबाचा कागद, बाहेर. माऊस नाही, काही नाही. हंगामात दिवसाला शंभर पट्ट्या मी मान वर न करता काढल्यात. पोरगा पुढे पुण्याला गेला, तिथून कुठे गेला माहीत नाही. जाताना तीन फ्लॉप्या हातात देऊन म्हणाला, "दिवाणजी, सगळा सोर्स यात आहे, जपा." जपल्यात. कपाटात, मालकीणबाईंच्या लोणच्याच्या बरणीशेजारी.

आता खरी भानगड. त्या ३८६ मध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी दिसायची, आणि खातेदारांची नावं, गावं सगळी आम्ही मराठीतच भरली. २००५ च्या पुरात गावभागात पाणी आलं, पेढीतलं मशीन बुडालं. बॅकअपच्या फ्लॉप्या माझ्या घरी असायच्या म्हणून डेटा वाचला. कार्ड उन्हात वाळवलं, पुसलं, पण ते काही परत बोललं नाही. नंतर आलेल्या एक्सपीच्या मशीनमध्ये तसलं कार्ड बसवायची खाचच नव्हती. प्रोग्रॅम चालला, पण मराठी नावांच्या जागी नुसत्या रेघा आणि चौकटी. तेव्हापासून नवे खातेदार इंग्रजीत भरतो.

गंमत म्हणजे बघून बघून मला त्या रेघा वाचता येऊ लागल्या. हसू नका. हे बघा:

╚╤▐╫ म्हणजे पलूस.
╪╥─ म्हणजे हळद.
╚┌╜▄╤ म्हणजे पाटील. हे तर झोपेतही ओळखेन, आमच्या खतावणीत निम्मा जिल्हा ╚┌╜▄╤ आहे.

काना म्हणजे ┌ हे लक्षात आलं की पुढचं हळूहळू सुटतं. पण आठ-दहा अक्षरांचं आडनाव आलं की मी पण अडकतो.

एक्सपीच्या मशीनचे मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत. रिपेअरवाला म्हणाला, "काका, ह्याचं आता तेरावं घाला." मालकांच्या मुलाने नवं मशीन आणलं, विंडोज ११. त्यावर प्रोग्रॅम उघडला की "हे ॲप या पीसीवर चालणार नाही" एवढंच म्हणतं. म्हणून विचारतो:

प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालेल का? जुन्या डॉट मॅट्रिक्सवर पट्टी निघेल का? आणि ती जुनी मराठी नावं पुन्हा मराठीत वाचता येतील का? मालकांच्या घरात वाटण्या चालू आहेत, वकिलांना २००५ च्या आधीची खाती हवीत. वकिलांसमोर ╚┌╜▄╤ ठेवून चालत नाही.

---

गणपतीपेठ_९५

काका, टॅली घ्या ना. दोन दिवसांत शिकाल. ३० वर्षं जुन्या गोष्टीवर कशाला वेळ घालवताय?

---

दिवाणजी_गावभाग

बाळा, टॅली आहे की. सीए साहेबांसाठी वर्षातून दोनदा त्यात बेरजा भरतो. पण सौद्याच्या वेळी एका पोत्याचा गड्डा निघाला, बाकीचे हळकुंड, शेतकऱ्याने उचल घेतलेली आणि बारदान परत करायचंय, असं सगळं एका पट्टीत बसवून वीस सेकंदात कागद हातात द्यायचा असतो. ते या प्रोग्रॅममध्ये बसलंय, कारण ते पोरगं दोन महिने पेढीवर माझ्या शेजारी बसून लिहीत होतं. शिवाय २००५ च्या आधीच्या नावांना टॅली काय करणार?

---

कऱ्हाडचा_कोडर

काका, मी इंजिनीअरिंगला असताना आमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी++ चा निळा पडदाच होता, तोही डॉसबॉक्समध्ये. तुमचा प्रोग्रॅम पण चालेल. डॉसबॉक्स (नव्या मशीनवर जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाका, त्यात फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट करा, ईएक्सई चालवा. पाच मिनिटांचं काम.

विंडोज ११ वर का चालत नाही, तर तुमचा प्रोग्रॅम १६ बिटचा. ३२ बिट विंडोजमध्ये असले प्रोग्रॅम चालवायला एनटीव्हीडीएम नावाचा भाग असायचा, ६४ बिटमध्ये तो नाही. आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. विंडोज १० ची होती, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सपोर्ट संपला.

आणि एक भारी बातमी! मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ४ चा सोर्स एप्रिल २०२४ मध्ये एमआयटी लायसन्सखाली खुला केला. १.२५ आणि २.० आधीच खुले होते. असेंब्लीत आहे, वाचायला लय मजा येते.

---

दिवाणजी_गावभाग

डॉसबॉक्स टाकलं. चाललं रे! पडदा आला, एफ२ दाबलं, आवक उघडली, डोळ्यांत पाणी आलं. मग एफ५ दाबलं, पट्टी काही निघेना. प्रिंटर ढिम्म. आणि एमएस-डॉसचा सोर्स वाचून मी काय करू ते पण सांग.

---

मिरजेच्या_मॅडम

दिवाणजी, नमस्कार. मिरजेजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी १९८९ पासून डीबेस, मग क्लिपर, मग फॉक्सप्रो शिकवलं. आता निवृत्त आहे. तुमची पोस्ट वाचून रेघांच्या ओळी वहीत उतरवून बघितल्या. तिन्ही बरोबर वाचल्यात तुम्ही. शाबास.

आधी एक काम करा, बाकी सगळं नंतर. एक्सपीचं मशीन बंद पडायच्या आत सगळ्या डीबीएफ फाइली (तुमचा डेटा त्यांतच आहे) पेन ड्राइव्हवर घ्या, दोन प्रती. एक प्रत मालकांच्या घरी, एक तुमच्या. पुराचा अनुभव तुम्हाला मी काय सांगायचा. एनटीएक्स या इंडेक्सच्या फाइली, त्या पुन्हा तयार होतात, त्यांची चिंता नको.

डीबीएफ हे अगदी साधं बाड आहे. सुरुवातीला ३२ बाइटचा मथळा: पहिला बाइट प्रकाराचा, पुढचे तीन शेवटच्या बदलाची तारीख, पुढचे चार एकूण रेकॉर्ड किती ते. मग प्रत्येक रकान्याला ३२ बाइट: नाव, प्रकार, लांबी. रकान्याचं नाव १० अक्षरांपेक्षा मोठं होत नाही, म्हणून तुमच्या त्या पोराने खातेदाराच्या रकान्याला काहीतरी तुटकं नाव दिलं असेल बघा. मग १३ नंबरचा एक बाइट, की रकाने संपले. त्यानंतर नुसती अक्षरं, ओळीने, ठरलेल्या लांबीची. तारीखसुद्धा १९९४०३१५ अशी उघड लिहिलेली. कुणी कुलूप लावलेलं नाही. कंपन्या गेल्या, आल्या (क्लिपरवाली नॅनटकेट १९९२ साली कॉम्प्युटर असोसिएट्सने घेतली), पण ही मांडणी तशीच राहिली. लिबरऑफिस कॅल्कमध्ये डीबीएफवर डबल क्लिक केलं तरी उघडते.

आता मराठीचं. तुमच्या रेघांवरून दिसतं, तुमची मराठी इस्कीमध्ये साठवलेली आहे. इस्की म्हणजे भारतीय लिप्यांचं १९९१ चं मानक. साधी इंग्रजी अक्षरं १२८ च्या खाली जातात, आपली १६० च्या वरच्या घरांत बसवली. 'ह' चं घर २१६, 'ळ' चं २१०, 'द' चं १९६. कार्ड असेल तर ते २१६ आलं की पडद्यावर 'ह' काढायचं. कार्ड नसेल तर डॉस आपल्या तक्त्यातलं २१६ नंबरचं चिन्ह काढतो, आणि तिथे नेमक्या चौकटीच्या रेघा आहेत. म्हणून ╪╥─. डेटा बिघडलेला नाही दिवाणजी, फक्त चष्मा बदललाय.

तुम्ही काना ओळखलात. आणखी काही देते: ह्रस्व वेलांटी █ (भरीव ठोकळा), दीर्घ वेलांटी ▄ (खालचा अर्धा ठोकळा), पहिला उकार ▌, दुसरा उकार ▐. इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने येतात. वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, पण साठवताना नंतर. मिरज बघा: ╠█╧║. आधी म, मग वेलांटी, मग र, ज.

हे सगळं हाताने करायची गरज नाही. विंडोजला इस्की देवनागरी येते, तिचा कोडपेज (अक्षरांचा तक्ता) क्रमांक ५७००२. विंडोजसोबत येणारा जुना निळा पॉवरशेल, आवृत्ती ५, उघडा. त्यात फाइल मजकूर म्हणून वाचायची नाही, बाइट म्हणून वाचायची. मथळा सोडून द्यायचा, एकेक रेकॉर्ड घ्यायचं, त्यातला नावाचा तुकडा कापायचा आणि फक्त तेवढाच ५७००२ ने फिरवायचा. अख्खी फाइल एकदम फिरवलीत तर मथळ्यातले आकडेही अक्षरं समजून फिरतील आणि चिवडा होईल. वीस ओळींचं काम आहे, मी लिहून देते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, फिरवलेली नावं परत त्याच डीबीएफमध्ये कोंबू नका. इस्कीत 'ह' ला एक बाइट लागतो, आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये तीन. पंचवीस बाइटच्या रकान्यात पंचवीस बाइटचं नाव बसायचं ते पंच्याहत्तरचं होईल आणि निम्म्याहून जास्त कापलं जाईल. वेगळ्या फाइलमध्ये खातेक्रमांक आणि नाव एवढंच ठेवा. दुसरं, प्रत्येक रेकॉर्डचा पहिला बाइट बघा. तिथे मोकळी जागा असेल तर रेकॉर्ड जिवंत, चांदणी असेल तर पुसलेलं. 'पॅक' (पुसलेली रेकॉर्ड कायमची काढणारी कमांड) दिलं नसेल तर पुसलेली नावंही आत तशीच पडून असतात. वकिलांना देताना ती मिसळू देऊ नका.

तिसरं म्हटलं तर तिसरं: 'ऱ्ह', 'ऱ्य' असलेले शब्द डोळ्यांखालून घाला. कऱ्हाड लिहिताना कुणी साधा र वापरलेला असतो, कुणी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला. फिरवल्यावर एकच गाव दोन गावं होतात.

राहता राहिला प्रोग्रॅम. डॉसबॉक्स हे खेळांसाठी बनवलेलं आहे, त्याला छपाईत रस नाही, म्हणून तुमची पट्टी निघाली नाही. डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉसप्लस घ्या, त्यांत प्रिंटरची सोय आहे. पण तुमच्याकडे सोर्स आहे म्हणता! मग उसन्या घरात कशाला राहायचं? हार्बर नावाचा मोफत कंपायलर आहे, १९९९ पासून लोक तो बांधताहेत. क्लिपरचाच पीआरजी सोर्स घेतो आणि आजच्या विंडोजचं ईएक्सई देतो. एनटीएक्ससुद्धा त्याला कळतात. त्यातली कमांड 'एचबीएमके२', आणि पुढे पीआरजी फाइलीचं नाव. बस.

फ्लॉप्यांचं मात्र जपून. सरळ ड्राइव्हमध्ये घालू नका. पत्र्याचं झाकण सरकवून आतली चकती उजेडात बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फिरवली तर चकतीही ओरखडेल आणि ड्राइव्हचं हेडही घाण होईल.

---

दिवाणजी_गावभाग

मॅडम, दंडवत. चार दिवस लागले, आता क्रमाने सांगतो.

लोणच्याची बरणी बाधली. पहिल्या दोन फ्लॉप्या स्वच्छ, तिसरीवर ठिपके. मेडिकलवाल्याकडून आयसोप्रोपिल आणलं, कापसाच्या बोळ्याने एकेक इंच फिरवत पुसलं, पंख्याखाली वाळवलं. मालकांच्या मुलाने यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. दोन सुरळीत उतरल्या. तिसरी कर्र कर्र करत एका फाइलीवर अडली, पण पट्टीची पीआरजी आली. तीच हवी होती.

हार्बर टाकला. पहिल्या दणक्यात सत्तावीस ओळींची शिवीगाळ. नीट बघितलं तर दोनच नावं पुन्हा पुन्हा: काही 'एफटी' ने सुरू होणारी फंक्शनं, आणि एक 'मारप्रन'. ते मारप्रन कुठेच लिहिलेलं सापडत नाही. बहुतेक तिसऱ्या फ्लॉपीवर अडलेली फाइल तीच.

नावांचं सांगतो. तुमच्या वीस ओळी चालवल्या. काल संध्याकाळी पेढी बंद झाल्यावर एकटाच बसलो होतो. पडद्यावर पहिलं नाव आलं, "आण्णासो". मग "बाबासो", "दादासो", "तात्यासो", एका खाली एक. ३० वर्षांपूर्वी मीच भरलेली, आणि त्या काळात 'साहेब' पूर्ण लिहायची पद्धत नव्हती, रकाना पुरायचा नाही. चांदणीवाली पुसलेली नावं वेगळी काढली, ती १४२ निघाली. त्यातले बरेच जण आता नाहीत. काहींची खाती मीच पुसली होती, उचल फेडून हिशोब चुकता झाल्यावर. एक हरिपूरचे होते, पेवात हळद ठेवायचे, २००५ च्या पुरात पेवात पाणी शिरलं आणि पुढच्या हंगामापासून आलेच नाहीत. त्यांचं नाव मी रेघांमध्येही ओळखायचो.

कऱ्हाड दोनदा आलंच. तुम्ही म्हणालात तसंच.

एक शंका. जुन्या पट्ट्यांमध्ये २००० सालच्या काही तारखा १९०० दाखवतात. बाकी नंतरच्या बरोबर आहेत.

---

मिरजेच्या_मॅडम

'एफटी' वाली सगळी नॅनफोरम या क्लिपरच्या जोड-लायब्ररीतली फंक्शनं. त्या काळात प्रत्येक क्लिपरवाल्याच्या डब्यात ती असायचीच. हार्बरमध्ये त्यांची लायब्ररी एचबीएनएफ नावाने आहे, कंपाइल करताना ती जोडा, निम्मी शिवीगाळ बंद.

मारप्रन बहुधा कार्डाला 'आता मराठी, आता इंग्रजी' असा इशारा देणारं असावं. कार्डच नाही तर इशारा कुणाला द्यायचा? त्याच नावाचं एक रिकामं फंक्शन स्वतः लिहा: आत काही नाही, नुसतं 'रिटर्न निल'. प्रोग्रॅम त्याला हाक मारेल, ते गप्प बसेल, गाडी पुढे जाईल.

तारखांचं: १ जानेवारी २००० ला वर्ष ००, आणि क्लिपर दोन आकड्यांचं वर्ष मुळात १९०० धरतो. कुणीतरी नंतर 'सेट एपॉक' (दोन आकड्यांचं वर्ष कुठल्या शतकातलं धरायचं ते सांगणारी ओळ) टाकून ते सुधारलेलं दिसतंय, त्याच्या आधीच्या काही दिवसांच्या पट्ट्या तशाच राहिल्या. नव्या ईएक्सईतही 'सेट एपॉक टू १९५०' वर आहे ना बघा.

जुनं कुठलं फंक्शन काय करतं हे शोधायला नॉर्टन गाइड वापरा. क्लिपर ५ सोबतच यायचं. आम्ही लॅबमध्ये ते मेमरीत बसवून ठेवायचो, कळ दाबली की प्रोग्रॅमवरच माहिती उघडायची. त्याच्या एनजी फाइली आजही वाचता येतात. आजच्या मदतीच्या पानांपेक्षा मला ते जास्त आवडायचं. एका पडद्यात एक फंक्शन, खाली उदाहरण, संपलं.

---

ईडीपी_वाळवा

दिवाणजी, रामराम. वाळवा तालुक्यात एका साखर कारखान्याच्या ईडीपीला, म्हणजे संगणक विभागात, २८ वर्षं काढली. मॅडमनी कोडचं सांगितलंच, मी प्रिंटरचं आणि माराचं सांगतो. मार म्हणजे आम्ही खाल्लेला.

नव्या मशीनला पॅरलल पोर्ट नसणार. यूएसबी ते पॅरललची केबल लावा, आणि विंडोजला ड्रायव्हर देताना कंपनीचा देऊ नका, 'जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली' द्या. कंपनीचा ड्रायव्हर शहाणपणा करून तुमचे कोड गिळतो. तुमच्या प्रोग्रॅमला छपाई फाइलीत करायला लावा, 'सेट प्रिंटर टू' आणि फाइलीचं नाव. मग ती फाइल 'कॉपी स्लॅश बी' ने शेअर केलेल्या प्रिंटरवर ढकला. स्लॅश बी विसरू नका, नाहीतर मधेच २६ नंबरचा बाइट आला तर कॉपी तिथंच थांबते.

दुसरं, मालकांचा मुलगा म्हणेल दोन मशीनवर लावू, एक पेढीत, एक मार्केट यार्डात, फाइली शेअर करून. लगेच हो म्हणू नका. आमच्याकडं काट्यावर ऊस वजनाचा असलाच प्रोग्रॅम होता. ऐन गळितात कुणीतरी नवा सर्व्हर बसवला, आणि रोज पहाटे 'करप्शन डिटेक्टेड'. ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर शिव्या देतेत, मी रात्री दोनला इंडेक्स पुसून बांधतोय. आठवड्यानं कळलं, विंडोज शेअरिंगमध्ये प्रत्येक मशीन आपल्याजवळ थोडी फाइल धरून ठेवतं, 'ऑपलॉक' म्हणतेत, आणि दोघं एकाच वेळी इंडेक्सवर लिहायला गेले की गोंधळ. ते बंद केलं तेव्हा थांबलं. तुम्ही एकाच मशीनवर चालवा, दुसऱ्याला रात्री प्रत द्या.

तो कऱ्हाडचा पोरगा फ्रीडॉस (मोफत मिळणारं डॉस) सांगेल बघा आता.

---

कऱ्हाडचा_कोडर

सांगणारच होतो. १९९४ पासून चालू आहे, १.४ एप्रिल २०२५ ला आलं. पण काकांच्या मशीनवर थेट बसणार नाही, मशीन सुरू करायला त्याला जुनं बायोस लागतं आणि नव्या मशीनला त्याच्या जागी नुसतं यूईएफआय असतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालेल. पण सोर्स कंपाइल होतोय म्हटल्यावर गरज नाही, मी मागे हटतो.

---

दिवाणजी_गावभाग

मागे हटू नको, तुझ्यामुळे पहिला पडदा दिसला.

हार्बरचं ईएक्सई झालं. एफ२ ते एफ७ सगळं जिथल्या तिथं. बोटं आपोआप चालली. सेट एपॉक जुन्या सोर्समध्ये नव्हतं (म्हणजे त्याने नंतर बदललेली प्रत या फ्लॉप्यांत नाही), ते मी स्वतः टाकलं. आयुष्यातली पहिली ओळ. वकिलांना खाती दिली, मराठी नावांसकट, १९९३ ते २००५.

आज पहिली पट्टी छापली आणि घोटाळा. पट्टीच्या डाव्या कोपऱ्यात एकटाच ६ छापून येतो, आणि दुसरी पट्टी अर्धी खाली सरकते. आमचा कागद अर्ध्या पानाचा, सहा इंची, म्हणजे ३६ ओळी. प्रिंटरच्या पुस्तकात बघून पानाची लांबी द्यायला एस्केप, मग सी, मग ३६ असं पट्टीच्या सोर्समध्ये लिहिलं. जुन्या कोडमध्ये तिथे काहीतरी न छापता येणारं चिन्ह होतं, ते मला कचरा वाटला म्हणून काढलं.

---

ईडीपी_वाळवा

हा हा. तो कचरा नव्हता दिवाणजी. प्रिंटरला ३६ 'लिहून' दाखवायचे नाहीत, ३६ नंबरचा एक बाइट द्यायचा. तुम्ही ३ आणि ६ अशी दोन अक्षरं पाठवली. '३' या अक्षराचा नंबर ५१, म्हणून प्रिंटरनं पान ५१ ओळींचं धरलं, आणि उरलेला ६ छापायचा असेल म्हणून छापला. 'सीएचआर' च्या कंसात ३६ लिहा.

---

दिवाणजी_गावभाग

झालं. ६ गेला, पट्टी बरोबर भोकांपाशी फाटते. मालक म्हणाले, पट्टीवर नाव पण परत मराठीत येईल का. म्हटलं, हंगाम संपू दे.